वाळूखालची येरळा

गेल्या भागात बऱ्याच जणांनी विचारलं होतं की भागाची लेखी प्रत मिळेल का, म्हणून आजपासून ट्रान्स्क्रिप्ट इथे टाकतोय. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जरा कमी केलेत.

आजचा विषय नदीचा आहे, पण पाण्याच्या पृष्ठभागाचा नाही. एप्रिल महिन्यात विट्याकडून तासगावकडे जाताना येरळेचा पूल लागला, तर खाली बघा. कोरडं पात्र, दगडगोटे, बाभळी, कडेला एखादं टायर. आपण लगेच म्हणतो, नदी आटली. आता आपल्या आजीच्या पिढीतल्या कुणालाही विचारा. ती म्हणेल, आटली कुठं, खाली गेली. उन्हाळ्यात बायका पात्रातल्या वाळूत हातभर, दोन हात खड्डा करायच्या. थोडा वेळ थांबलं की तळाशी पाणी जमायचं. पहिलं गढूळ पाणी वाटीनं काढून टाकायचं, मग येतं ते नितळ आणि गार. त्या खड्ड्याला आपल्याकडे झिरा म्हणतात. ज्या गोष्टीला विज्ञानाने १९५९ मध्ये नाव दिलं, तिच्यातून आपली माणसं पिढ्यान् पिढ्या हंडे भरत होती. त्या गोष्टीचा, आणि ती वाळू वाचवण्यासाठी सांगली जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी दिलेल्या लढ्याचा हा इतिहास.

आधी थोडा भूगोल, पटकन.

येरळा उगम पावते सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात. वडूजवरून खाली येते, सांगली जिल्ह्यात शिरते आणि शेवटी ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. हो, २०१९ च्या महापुरात बोट उलटली तेच ब्रह्मनाळ. आज येरळा दोन जिल्ह्यांची नदी वाटते, पण हे दोन जिल्हे एकच होते. १९४९ मध्ये जुन्या साताऱ्यातून 'दक्षिण सातारा' वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. म्हणजे नदी आधीची, सीमारेषा नंतरची.

पावसाचं गणित मात्र विचित्र आहे. कृष्णा जिथे उगम पावते त्या महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला, सरळ रेषेत शंभर किलोमीटरसुद्धा न जाता, खटाव-माणमध्ये तो साधारण पाचशेवर येतो. डोंगर ढग अडवतो आणि पूर्वेकडच्यांना उरलंसुरलं मिळतं. ब्रिटिशांनाही हे कळलं होतं, म्हणून त्यांच्या काळात येरळेवर नेरचा तलाव झाला.

दुसरी गोष्ट म्हणजे खालचा दगड. आपला सगळा भाग बसाल्टचा, आपल्या भाषेत काळा पाषाण. हा दगड स्पंजासारखा नसतो. त्यात पाणी राहतं ते फटींमध्ये आणि वरच्या कुजलेल्या मुरमात. म्हणून आपल्याकडे एका विहिरीला पाणी लागतं आणि पन्नास पावलांवरची कोरडी निघते. अशा भागात खरी मोठी, मोकळी, सहज भरणारी टाकी एकच असते, ती म्हणजे नदीच्या पात्रातली वाळू.

किती मोठी टाकी? मी इंजिनिअर आहे, आकडेमोड केल्याशिवाय मला झोप येत नाही. समजा, पात्राचा एक किलोमीटरचा तुकडा, शंभर मीटर रुंद, तीन मीटर खोल वाळू. झाली तीन लाख घनमीटर. वाळूच्या एकूण आकारमानाच्या साधारण पाचवा हिस्सा पाणी तिच्यातून सहज बाहेर येतं असं धरा. म्हणजे साठ हजार घनमीटर, सहा कोटी लिटर. दहा हजार लिटरचे सहा हजार टँकर. एका किलोमीटरमध्ये! आणि वरून दोन-तीन फूट वाळू कोरडी झाली की खालच्या पाण्याची वाफही फारशी होत नाही. धरणाच्या उघड्या पाण्याचं तसं नसतं, उन्हाळ्यात ते डोळ्यांदेखत उडतं.

आता हे पाणी कुणाचं, नदीचं की जमिनीचं? इथे गंमत सुरू होते. पावसाळ्यात नदी वाहते तेव्हा पाणी वाळूत शिरतं, तिथून बाजूच्या मुरमात, फटींत, आणि पुढे काठच्या विहिरींत. पाऊस संपला, नदी उतरली की उलटं होतं. काठच्या जमिनीतलं पाणी हळूहळू पात्राकडे सरकतं आणि वाळूत येतं. म्हणजे वाळू हा दुतर्फा रस्ता आहे. त्या रस्त्यावर दोन वेगळ्या स्वभावांची पाणी भेटतात. नदीचं पाणी उन्हात तापलेलं, हवा खाल्लेलं, पालापाचोळ्याचा अर्क घेऊन आलेलं. जमिनीतलं पाणी वर्षभर जवळपास एकाच तापमानाचं, ऑक्सिजन कमी, पण दगडातून विरघळलेले क्षार भरपूर. ही दोन्ही जिथे मिसळतात त्या पट्ट्यात जे घडतं ते ना नदीत घडतं, ना विहिरीत.

हे कुणाला आणि कसं कळलं, त्याची गोष्ट जरा बाहेरच्या जगातली आहे.

१८५६ मध्ये फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचा अहवाल लिहिताना आंरी दार्सी या इंजिनिअरने वाळूतून पाणी किती वेगाने जातं याचं सूत्र दिलं. आजही भूजलाचं प्रत्येक सॉफ्टवेअर त्याच सूत्रावर चालतं. त्यातून समजतं की वाळूतलं पाणी वाहतं, पण फार सावकाश. दिवसाला काही मीटर म्हणजे जोरात. वर नदी तासाभरात जेवढं अंतर जाते तेवढ्याला खाली महिने, कधी वर्षं लागतात.

मग १८९२, हॅम्बुर्ग. कॉलऱ्याची साथ आली आणि काही आठवड्यांत साडेआठ हजारांच्या आसपास माणसं गेली. शेजारी आल्टोना नावाचं गाव होतं. रस्त्याच्या या बाजूला हॅम्बुर्ग, त्या बाजूला आल्टोना, इतकं शेजारी. दोन्ही एल्ब नदीचं पाणी प्यायचे. उलट आल्टोना तर खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गचं सांडपाणी मिसळलेलं पाणी घेणारं. तरी तिथे साथ फारशी पसरली नाही. फरक एवढाच होता की आल्टोना नदीचं पाणी वाळूच्या थरातून सावकाश गाळून द्यायचं आणि हॅम्बुर्ग ते तसंच नळाला सोडायचं. रॉबर्ट कॉखने, ज्याने कॉलऱ्याचा जंतू शोधला त्यानेच, हा फरक जगासमोर मांडला.

आणि वाळू पाणी कशी शुद्ध करते? चाळणीसारखी नाही. वाळूच्या कणांमधली मोकळी जागा जंतूपेक्षा कितीतरी मोठी असते. काम करतात ते वाळूच्या कणांवर राहणारे दुसरे सूक्ष्मजीव. प्रत्येक कणावर त्यांचा एक बुळबुळीत थर असतो. नदीतल्या दगडावर पाय घसरतो ना, तोच थर, फक्त बारीक. पाणी त्याला घासून जातं आणि हे जीव त्यातलं खाण्यासारखं सगळं खातात, कॉलऱ्याच्या जंतूसकट.

आता पुन्हा आकडेमोड, माफ करा. वाळूचा कण एक मिलिमीटरचा धरला तर एका घनमीटर वाळूतल्या सगळ्या कणांचं पृष्ठफळ मिळून साधारण छत्तीसशे चौरस मीटर भरतं. वाळू आपण घनमीटरमध्ये नाही, ब्रासमध्ये विकतो. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, पावणेतीन घनमीटरच्या थोडं वर. म्हणजे एका ब्रासमध्ये दहा हजार चौरस मीटर, एक हेक्टर, अडीच एकर. अडीच एकर जिवाणूंचं शेत! रात्री डंपर भरून तीन ब्रास वाळू जाते तेव्हा तिच्याबरोबर साडेसात एकर बागायत जाते. तलाठ्याच्या कागदावर त्याची नोंद होत नाही, एवढंच.

नदीच्या तळाला स्वतःचं जग आहे हे जीवशास्त्रज्ञांना विसाव्या शतकात उमगलं. १९३० आणि ४० च्या दशकांत कारामान आणि शाप्युई या दोघांनी युरोपातल्या नद्यांच्या काठच्या वाळूत खड्डा खणायचा, त्यात पाणी जमू द्यायचं आणि ते जाळीतून गाळून बघायचं, अशी पद्धत रूढ केली. म्हणजे आपला झिराच! आजही ही पद्धत त्यांच्या नावाने ओळखली जाते. त्या पाण्यात त्यांना डोळे नसलेले, रंग नसलेले, दोऱ्यासारखे बारीक प्राणी सापडले. १९५९ मध्ये रोमानियाच्या त्रायान ओर्गिदान यांनी या पट्ट्याला नाव दिलं, 'हायपोरेइक'. ग्रीक शब्द आहे, अर्थ प्रवाहाखालचा. मी 'वाळूखालची नदी' म्हणतो. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात फ्लॅटहेड नदीपासून दूरच्या विहिरींच्या पंपातून नदीतल्या किड्यांच्या अळ्या बाहेर आल्या. मोजलं तर नदीची हद्द काठापासून दोन-दोन किलोमीटर आत निघाली, जमिनीखालून. आपल्या कृष्णेच्या खालच्या अंगाला, आंध्रात, गुंटूरच्या आचार्य नागार्जुन विद्यापीठातले वाय. रंगा रेड्डी यांनी कृष्णा-गोदावरीच्या वाळूत असेच सूक्ष्म कवचधारी प्राणी शोधले, त्यातले कित्येक विज्ञानाला नवे होते.

रसायनाचा भाग आता थोडा सावकाश सांगतो, कारण सगळं इथेच आहे. समजा तुम्ही पाण्याचा थेंब आहात आणि येरळेच्या पात्रात वाळूत शिरलात. पहिल्या काही बोटांच्या खोलीत ऑक्सिजन भरपूर. तिथले जिवाणू आपल्यासारखेच, ऑक्सिजन घेतात आणि तुमच्याबरोबर आलेला सेंद्रिय कचरा खातात. अमोनिया असेल तर त्याचं नायट्रेट करतात. खाली गेलात की ऑक्सिजन संपतो. आता तिथल्या जिवाणूंनी श्वास कशावर घ्यायचा? ते नायट्रेट वापरतात. नायट्रेटमधला ऑक्सिजन काढून घेतात आणि उरलेला नायट्रोजन वायू होऊन हवेत निघून जातो. तुमच्या उसाला टाकलेल्या युरियातलं जे पाण्यात वाहून आलं ते इथे फुकटात साफ होतं. (कधी काम अर्धवट राहिलं तर मधलाच नायट्रस ऑक्साइड सुटतो, आणि तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट जास्त उष्णता धरतो. म्हणजे फुकट असलं तरी दरवेळी निर्दोष नाही.)

नायट्रेट संपलं की मँगनीज, मग लोह. बसाल्टमध्ये लोह भरपूर, म्हणून आपल्याकडे ही पायरी डोळ्यांना दिसते. ओढ्याच्या काठाला पाझर फुटतो तिथे तांबूस चिखल आणि पाण्यावर तेलासारखा तवंग बघितलाय? लोक म्हणतात डिझेल सांडलंय. काडीने ढवळा. तवंगाचे काचेसारखे तुकडे झाले आणि तसेच राहिले तर ते लोहाचे जिवाणू. पुन्हा जुळून आला तर खरंच डिझेल. लोहाच्याही खाली सल्फेट, आणि तिथे वाळू काळी पडते, सडक्या अंड्याचा वास येतो. म्हणजे एका झिऱ्याच्या खोलीत मजल्यामजल्यावर वेगवेगळी बिऱ्हाडं, आणि वरच्याने सोडलेलं खालच्याला उपयोगी.

हे मजले पक्के नसतात. पाणी आत शिरतंय की बाहेर येतंय यावर ते वर-खाली होतात. अमेरिकेतल्या कोलंबिया नदीकाठी हॅनफर्ड आहे, नागासाकीच्या बॉम्बचं प्लुटोनियम जिथे बनलं ते ठिकाण. तिथे जमिनीत मुरलेला किरणोत्सर्गी कचरा नदीत किती येतो हे बघताना शास्त्रज्ञांनी नदी आणि भूजलाच्या सीमेवरच्या जिवाणूंचा बारकाईने अभ्यास केला. वरच्या धरणातून विसर्ग बदलला की नदीची पातळी हलते आणि दोन्ही पाणी मागे-पुढे होतात. २०१६ मध्ये त्यांनी दाखवलं की ही दोन पाणी मिसळली की सेंद्रिय कार्बन संपण्याचा वेग वाढतो आणि जिवाणूंची वस्तीही बदलते. एकाकडे असतं ते दुसऱ्याकडे नसतं, भेट झाली की चूल पेटते. कोयनेचा विसर्ग वाढला-कमी झाला की सांगलीत कृष्णेची पातळी हलते, त्यामुळे हे आपल्यालाही लागू आहे.

तर आता येरळेकडे परत.

१९७२ चा दुष्काळ. खडी फोडायची कामं, सुकडी, तांबडी ज्वारी, घरातल्या मोठ्यांकडून ऐकलंच असेल. याच काळात रोजगार हमी योजना उभी राहिली, आणि तिचे जनक मानले जाणारे वि. स. पागे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. दुष्काळानंतर विहिरी खोल गेल्या, पंप आले, बोअर आल्या. खानापूर तालुक्यातली माणसं पोटासाठी आधीच बाहेर पडलेली होती. काही गलाईच्या धंद्यात, देशभर सोनं-चांदी गाळायला. काही मुंबईच्या गिरण्यांत.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. संप मिटलाच नाही म्हणायला हरकत नाही, आणि हजारो माणसं गावाकडे परतली. गावाकडे काय होतं? कोरडी येरळा. पण ही माणसं युनियन बघून आलेली होती. मोर्चा कसा काढायचा, निवेदन कसं द्यायचं, कुणापुढे बसायचं हे त्यांना ठाऊक होतं. त्यातून आणि भारत पाटणकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या साथीने मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. गेल ऑम्वेट याच चळवळीच्या सोबतीने राहिल्या. मूळच्या अमेरिकेतल्या, पण वाळवा तालुक्यातल्या कासेगावला घर केलं आणि २०२१ मध्ये तिथेच गेल्या.

चळवळीने सुरुवात मागणीने केली नाही, प्रश्नाने केली, आणि मला या इतिहासातलं हेच सगळ्यात आवडतं. दुष्काळ पडतो की आणला जातो? पाऊस पूर्वीही एवढाच पडायचा, मग विहिरी आता का आटतात? लोकविज्ञानवाली मंडळी, इंजिनिअर, कॉलेजची मुलं गावोगाव गेली. जमीन, पाणी, पिकं यांची माहिती गावकऱ्यांबरोबर बसून गोळा केली. त्यात वाळूची गोष्ट पुढे आली. येरळेची वाळू लिलावात जात होती. ठेकेदार पैसे भरायचा, ट्रक लावायचा, पात्र उपसायचा. शहरं वाढत होती, स्लॅब पडत होते, वाळूला भाव होता. आणि जिथे वाळू गेली तिथे काठच्या विहिरींचं पाणी उतरलं, हे गावकऱ्यांना दिसत होतं. पावसाळ्यात पूर यायचा तसाच यायचा, पण पाणी थांबायला जागाच नव्हती. टाकी विकून टाकली आणि नळाला पाणी का येत नाही म्हणून वर बघत बसायचं, अशी गत.

बलवडी आणि तांदुळवाडी ही येरळेकाठची खानापूर तालुक्यातली गावं. इथल्या लोकांनी वाळूउपसा अडवला. नुसतं 'वाळू काढू नका' म्हणून थांबले नाहीत. बलवडीचे संपतराव पवार आणि त्यांचे सहकारी यांनी मांडलं ते असं: वाळू गावाची आहे. थोडी, बेताने, गावाने स्वतः काढावी, विकावी आणि त्या पैशातून नदीवर छोटं धरण बांधावं. म्हणजे वाळूच्या पैशातून वाळूतलं पाणी राखायचं. के. आर. दाते यांच्यासारखे अनुभवी अभियंते तांत्रिक बाजूला उभे राहिले. शहरातल्या लोकांनी मदत दिली, विद्यार्थ्यांनी श्रमदान केलं. सरकारदरबारी हेलपाटे, परवानगीचे वाद, ठेकेदारांचा विरोध हे सगळं झालं. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात काम उभं राहिलं. नाव दिलं बळीराजा स्मृती धरण. महात्मा फुल्यांना मानणाऱ्या लोकांनी हेच नाव द्यावं यात नवल नाही.

त्यांचा दुसरा मुद्दा वाळूपेक्षाही अवघड होता. पाणी कुणाला? नेहमीचा नियम म्हणजे जमीन ज्याची, पंप ज्याचा, पाणी त्याचं. इथे ठरलं की प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा वाटा, भूमिहीन असलं तरी. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पाणी पंचायत सुरू केली होती, तिथे माणशी पाणी हे तत्त्व होतंच. येरळेकाठी त्याला वाळूच्या हक्काची जोड मिळाली. आणि हे पाणी उसाला नाही, ही भूमिका. कारखान्याच्या पट्ट्याशेजारी राहून असं म्हणायला छाती लागते.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल बंधारा म्हटला की हा टाळ्या वाजवतो. बंधारा वाळूखालच्या नदीला दोन्ही करू शकतो. बंधाऱ्यामागे पाण्याची उंची वाढते, त्या दाबाने पाणी तळातून आणि काठातून आत ढकललं जातं, भिंतीखालून फिरून पलीकडे निघतं. विहिरी भरतात, चांगलं आहे. पण साचलेल्या पाण्यात गाळही बसतो. बारीक चिकणमातीचा थर वाळूवर बसला की तोंडावर प्लास्टिक बांधल्यासारखं होतं. वर पाणी दिसतं, खाली मुरत नाही. ऑक्सिजन खाली जात नाही, मजले वर सरकतात, काळी वाळू आणि अंड्याचा वास अगदी वरच येतो. म्हणून गाळ काढणं आणि वाळू काढणं या दोन कामांतला फरक जेसीबीवाल्याला कळला पाहिजे. गाळ काढला तर नदी श्वास घेते. वाळू काढली तर फुप्फुसच गेलं. जलयुक्त शिवारच्या काळात ओढे-नाले खोल करण्याची लाट आली, काही ठिकाणी कामं चांगली झाली, पण खालचा दगड आणि मुरूम न बघता सरसकट खोली वाढवली की काठच्या भूजलाचं पाणी उलट त्या चरात लवकर उतरतं आणि वाहून जातं. याबद्दल भूजलातल्या जाणकारांनी तेव्हाच आवाज उठवला होता.

येरळा कोरड्या बाजूची झाली. ब्रह्मनाळला ती कृष्णेला मिळते आणि तिथून चित्र उलटं होतं. येरळेकाठी वर्षातला बराच काळ नदी जमिनीला पाणी देते. कृष्णाकाठी, पलूस-वाळवा-मिरजेच्या उसाच्या पट्ट्यात, शेताला इतकं पाणी दिलं जातं की जमीन नदीला पाणी देते. आणि ते पाणी कसलं? काळ्या जमिनीतले क्षार आणि खतातलं नायट्रेट घेऊन आलेलं. क्षारपड जमिनी बघितल्या नसतील तर आष्टा-डिग्रज भागात एकदा जाऊन या. भर रानात पांढरा थर, मिठागर वाटावं असा. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात या जमिनींवर काम चालतं. उपाय म्हणून जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून क्षाराचं पाणी ओढ्यात सोडतात. जमीन सुधारते, शेतकऱ्याचं पीक वाचतं, त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

पण वाळूखालच्या नदीच्या बाजूने बघा. पाइप नव्हता तेव्हा तेच पाणी काठच्या मातीतून, पात्राच्या वाळूतून झिरपत, नायट्रेट खाणाऱ्या जिवाणूंच्या वस्तीतून जाऊन मग नदीत यायचं. पाइप आणि ओढा ही वस्ती टाळून थेट नदीत पोचवतात. कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंग वगळून थेट प्रॉडक्शनला. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची आपली भारतीय मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि ते उकळून जात नाही, उलट पाणी आटल्यावर आणखी दाट होतं. जगात काही ठिकाणी अशा पाइपांच्या तोंडाशी लाकडाच्या ढलप्यांनी भरलेले चर करतात, म्हणजे जिवाणूंना पुन्हा खायला आणि राहायला जागा. आपल्याकडे बगॅसचे डोंगर पडलेले असतात. करून बघायला हरकत नाही.

आणि मग उन्हाळ्यातली ती बातमी, जी दर काही वर्षांनी येते: कृष्णेत मासे मेले. प्रवाह कमी असतो, वरून मळीचं किंवा सांडपाणी येतं. त्यात सेंद्रिय कचरा इतका की जिवाणू तो खाताना पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपवतात. जिवाणू तेच काम करतात जे आल्टोनात केलं होतं. फक्त ताट एवढं मोठं वाढलं की जेवणाऱ्यांनी घरातली हवाच संपवली. पात्रात वाळू जाड असेल आणि खालून जमिनीतलं गार पाणी येत असेल तर निदान काही जागा अशा राहतात जिथे पाण्याचं तापमान उतरतं. वाळू उपसलेल्या डोहात तेही नाही.

महापुराचंही सांगायला हवं. सांगलीकरांना आयर्विन पुलाची पातळी पाठ असते, ४५ फूट म्हणजे धोका. २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली. आपण पुराकडे नुकसान म्हणून बघतो आणि ते खरंच भयंकर होतं. पण त्या दिवसांत नदी काठच्या जमिनीत प्रचंड पाणी कोंबत असते आणि पूर ओसरल्यावर ते आठवडे, महिने परत येत राहतं. ताज्या पुराचा लोट तळावर बसलेला बारीक गाळ उचलून नेतो, वाळूची तोंडं पुन्हा उघडतात. म्हणून नदीचा वार्षिक लोट पूर्ण बंद केला की काही वर्षांनी तळ बुजतो, हे जगभर दिसलंय.

कायदा? २७ फेब्रुवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सांगितलं की पाच हेक्टरपेक्षा लहान वाळूपट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी हवी. त्याआधी लहान-लहान तुकडे पाडून लोक सुटायचे. येरळेकाठच्या माणसांनी वाळूचा प्रश्न उचलला त्याला तोपर्यंत पाव शतक झालं होतं. त्यानंतर धोरणं आली-गेली, डेपो आले, दगड फोडून केलेली कृत्रिम वाळू आली. रात्रीचे ट्रॅक्टर अजून थांबलेले नाहीत, हे नदीकाठी राहणाऱ्या कुणालाही माहीत आहे.

दरम्यान ताकारी आणि टेंभूसारख्या उपसा योजनांनी कृष्णेचं पाणी पंपांनी चढवून या दुष्काळी तालुक्यांत आणलं. म्हणजे महाबळेश्वर-कोयनेकडचा पाऊस आता कालव्यातून येरळेच्या खोऱ्यात येतो. खानापूर-कडेगावात ऊस दिसतो, द्राक्षं तर आहेतच. ज्या खोऱ्यात 'पाणी उसाला नाही' असं ठरलं होतं त्याच खोऱ्यात. त्यामुळे येरळेच्या वाळूत येत्या वर्षांत कुठलं पाणी झिरपणार, पुराचं की उसाच्या सऱ्यांतून आलेलं, हा प्रश्न आता पुढे आहे. त्याचं उत्तर शोधायला प्रयोगशाळाच लागते असं नाही. झिरा खणा, पाणी जमू द्या. ऑक्सिजन आणि नायट्रेट मोजायची साधी किट ऑनलाइन मिळतात. पावसाळ्याआधी एकदा, दिवाळीनंतर एकदा, त्याच जागी. आकडे तारीख आणि गावाच्या नावासकट कमेंटमध्ये टाका, मी शीट बनवून सगळ्यांसाठी उघडी ठेवतो. खड्डा नंतर बुजवा, गुरं अडखळतात.

पुढच्या भागात खोडशीचा बंधारा आणि १८६० च्या दशकातला कृष्णा कालवा. कराडकरांनो, घरात जुने फोटो असतील तर पाठवा.